साल्यूत-६ वरचा ठणका : अंतराळातल्या एका दातदुखीचा प्रकरण अभ्यास

४ मार्च १९७८ या दिवशी पृथ्वीपासून साडेतीनशे-एक किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या साल्यूत-६ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर एक विक्रम मोडला गेला. अमेरिकेच्या स्कायलॅबवरच्या शेवटच्या तुकडीने अंतराळात ८४ दिवस काढले होते. युरी रोमानेंको आणि गिओर्गी ग्रेच्को यांनी तो आकडा ओलांडला. मोहीमप्रमुख होता रोमानेंको, वय ३३ वर्षं. आणि मोहिमेच्या या शेवटच्या टप्प्यात त्याचा दात दुखून दुखून जीव नकोसा झाला होता.

दातातली नस उघडी पडली होती. साधारण दोन आठवडे तो ठणका सोसत काम करत राहिला. जवळच्या वेदनाशामक गोळ्यांनी जेवढं भागलं तेवढं भागलं. जमिनीवरून सल्ला आला तो असा : चूळ भरा, ऊब घ्या. यापलीकडे सांगण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं, कारण दातांचं तातडीचं दुखणं उपटलं तर काय करायचं याची तजवीजच त्या मोहिमेत नव्हती. ठरलेल्या वेळी, १६ मार्चला, ९६ दिवस आणि १० तासांनी दोघं कझाकस्तानात उतरले.

हे प्रकरण अंतराळवैद्यकात नेहमी सांगितलं जातं, पण बहुतेकदा एका ओळीत, किस्सा म्हणून. दंतवैद्याने ते केस म्हणून वाचायला हवं. रुग्ण कोण, दुखणं केव्हा सुरू झालं, कशामुळे, त्या जागी काय करता आलं असतं, काय करणं धोक्याचं होतं. तसं वाचलं की अंतराळप्रवास आणि तोंड-चेहऱ्याचं आरोग्य यांबद्दल आज जे काही कळलं आहे ते जवळजवळ सगळंच या एका दाताभोवती येऊन उभं राहतं.

मोहिमेची हकीकत

साल्यूत-६ सप्टेंबर १९७७ मध्ये कक्षेत गेलं. ऑक्टोबरमध्ये सोयुझ-२५ हे माणसं नेणारं यान त्याला जोडण्याचा प्रयत्न फसला आणि स्थानकाच्या पुढच्या जोडणीद्वारालाच इजा झाली असावी अशी शंका आली. म्हणून १० डिसेंबरला बैकानूरहून निघालेलं रोमानेंको-ग्रेच्को यांचं सोयुझ-२६ मागच्या द्वाराला जोडलं गेलं. २० डिसेंबरला ग्रेच्कोने बाहेर जाऊन पुढचं द्वार तपासलं. ते ठणठणीत निघालं. रोमानेंको त्या वेळी हवा काढून घेतलेल्या कप्प्यात, अंतराळपोशाखातच होता. ही गोष्ट पुढे निदानाच्या वेळी लागणार आहे.

जानेवारीत जानिबेकोव आणि मकारोव पाहुणे म्हणून येऊन गेले. त्याच महिन्यात प्रोग्रेस-१ हे पहिलं मालवाहू यान इंधन आणि अन्न घेऊन आलं. मार्चच्या सुरुवातीला गुबारेव यांच्याबरोबर चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमिर रेमेक आले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ सोडून तिसऱ्या देशाचा माणूस अंतराळात जाण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे साऱ्या जगाचं लक्ष तिकडे. विक्रम, परदेशी पाहुणा, रोजचे प्रयोग, कॅमेऱ्यापुढचे कार्यक्रम, आणि या सगळ्याच्या मधोमध एक किडलेला दात.

दुखणं नेमकं कशाचं?

दवाखान्यात असा रुग्ण आला तर आपण आधी एक्स-रे काढतो, दातावर हलकं ठोकून बघतो, गार-गरम लावून बघतो. इथे यातलं काही शक्य नव्हतं. उरतात फक्त घटनांचा क्रम आणि लक्षणं. त्यावरून तीन शक्यता तपासता येतात.

पहिली शक्यता हवेच्या दाबाची. वैमानिकांमध्ये ही दातदुखी दुसऱ्या महायुद्धापासून माहीत आहे. सदोष फिलिंगखाली किंवा किडीच्या पोकळीत हवा अडकलेली असते. बाहेरचा दाब उतरला की ती फुगते आणि आतल्या नसेवर ताण आणते. यानात दाब जमिनीवरच्यासारखाच असतो, पण रशियन अंतराळपोशाखात तो साधारण ०.४ वातावरण इतका खाली येतो. म्हणजे अडकलेली हवा अडीच पट जागा मागते. अमेरिकन पोशाखात दाब आणखी कमी, ०.३ वातावरणाच्या आसपास. पण रोमानेंकोने तो दाब सोसला २० डिसेंबरला आणि दात दुखायला लागला मार्चच्या आगेमागे. दाबामुळे होणारी कळ दाब बदलताना येते, अडीच महिन्यांनी नाही. ही शक्यता बाजूला ठेवायला हरकत नाही.

दुसरी शक्यता सायनसची. वजनरहित अवस्थेत शरीरातला द्रव वर सरकतो, नाक चोंदतं, गालाच्या हाडातली पोकळी भरल्यासारखी होते. वरच्या दाढांची मुळं त्या पोकळीच्या तळाला अगदी चिकटून असतात, त्यामुळे सायनसचं दुखणं वरच्या दाढांमध्ये जाणवतं. मात्र तेव्हा एक दात दुखत नाही. एका बाजूच्या तीन-चार दाढा एकदम जड होतात, मान खाली घातली की जास्त दुखतात. आणि नाक चोंदणं सुरू होतं पहिल्या दिवसापासून, तिसऱ्या महिन्यात नव्हे.

उरते ती सर्वांत साधी शक्यता, जी रोज आपल्यासमोरच्या खुर्चीत येऊन बसते : कीड लागली, ती आतवर गेली आणि नस सुजली. दाताचं बाहेरचं कवच टणक, त्याच्या आत दंतिन आणि मध्ये मऊ नस, रक्तवाहिन्यांसकट. नस सुजली तरी तिला फुगायला जागा नसते. घट्ट अंगठीखाली बोट सुजावं तशी ती आतल्या आत कोंडते.

इथे एक गोष्ट ठामपणे मांडायला हवी. धडधाकट दाताला कीड लागून ती नसेपर्यंत पोचायला सहसा कित्येक महिने, बऱ्याचदा वर्षं लागतात. ९६ दिवसांत हा सगळा प्रवास घडून आला असेल हे पटणं कठीण आहे. दातातली पोकळी बहुधा १० डिसेंबरला त्याच्याबरोबरच वर गेली होती. दोन दातांच्या मधली कीड डोळ्यांना दिसत नाही, बारीक आरशानेही नाही. त्यासाठी दोन्ही जबड्यांच्या दाढा एकत्र दाखवणारा बाइटविंग एक्स-रे काढावा लागतो. हृदय, कान, तोल, मणका यांच्या कसून तपासण्या झालेला धट्टाकट्टा तरुण कीड घेऊन उड्डाण करू शकतो, आणि सुरुवातीला त्याला काही जाणवतही नाही. जाणवतं तेव्हा दंतवैद्य साडेतीनशे किलोमीटर खाली असतो.

तिथे तो जास्त का दुखला असावा

रात्री आडवं झालं की दाढ जास्त ठणकते, हे ज्याची दाढ कधी दुखली आहे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. उभं असताना रक्त पायांकडे ओढलं जातं. आडवं झालं की डोक्याकडचा दाब वाढतो आणि कोंडलेल्या नसेतला ताणही. म्हणून अशा रुग्णाला आपण दोन उशा घेऊन झोपायला सांगतो.

अंतराळात उशीचा उपयोग नाही. पायांतला दीड-दोन लिटर द्रव छाती-डोक्याकडे सरकतो आणि तिथेच राहतो. चेहरा गोल दिसतो, डोळ्यांखाली सूज येते, पाय मात्र काटकुळे होतात. रक्ताभिसरणाच्या दृष्टीने माणूस चोवीस तास झोपलेलाच. रोमानेंकोच्या दाताला दिवस नव्हता, सगळी रात्रच होती. हे मोजून कुणी सिद्ध केलेलं नाही, पण नस सुजलेल्या दाताचं शरीरशास्त्र ज्याला माहीत आहे त्याला दुसरा अंदाज बांधता येणार नाही.

आणि मग तो उबेचा सल्ला. सुजलेल्या नसेच्या शेवटच्या अवस्थेत गरम लागलं की कळ उठते आणि गार पाण्याने घटकाभर बरं वाटतं. आमच्याकडे असे रुग्ण गार पाण्याची बाटली हातात घेऊनच येतात, दर दोन मिनिटांनी एक घोट तोंडात धरतात. नस उघडी पडलेल्या दाताला ऊब देणं म्हणजे कळ वाढवण्याचीच शक्यता. चूळ भरण्याने अडकलेला घास निघतो, एवढाच त्याचा गुण. जमिनीवरच्या डॉक्टरांच्या मनात कळकळ असणार यात शंका नाही. पण त्या सल्ल्यामागे दंतवैद्य बसलेला दिसत नाही.

चेहऱ्याच्या सुजेचा दुसरा धोका मला जास्त काळजीचा वाटतो. नस मेली की दुखणं अचानक थांबतं, रुग्णाला वाटतं बरं झालं. प्रत्यक्षात मुळाशी पू धरू लागतो. तो हाडातून वाट काढून गालात किंवा जबड्याखाली उतरला तर गंभीर संसर्ग होतो आणि श्वास अडेपर्यंत मजल जाऊ शकते. जमिनीवर याची पहिली खूण म्हणजे एका बाजूचा फुगलेला गाल. अंतराळात सगळाच चेहरा मुळात फुगलेला. अशा चेहऱ्यावर सुरुवातीची सूज सोबत्याला ओळखू कशी यावी? ग्रेच्को अभियंता होता, डॉक्टर नव्हता.

हातात काय पर्याय होते

मॉस्कोजवळच्या नियंत्रणकेंद्रापुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या. मोहीम आवरती घेऊन दोघांना खाली आणायचं. ग्रेच्कोकडून दात काढून घ्यायचा. किंवा गोळ्यांवर दिवस ढकलायचे. तिसरी वाट घेतली गेली.

दुसऱ्या वाटेचा विचार थोडा बारकाईने करू. दात काढताना दंतवैद्य पाय रोवून उभा असतो, रुग्णाचं डोकं खुर्चीला टेकलेलं असतं. चिमट्याने आपण दात ओढत नाही, हाडात दाबून डोलवतो. वजनरहित अवस्थेत तो जोर लावताच रुग्ण एकीकडे आणि दंतवैद्य दुसरीकडे तरंगत जाणार, म्हणजे दोघांनाही आधी पट्ट्यांनी बांधून घ्यावं लागणार. भूल द्यायची सुई भरतानाही अडचण : जमिनीवर सिरिंज उभी धरून टिचकी मारली की बुडबुडा वर येतो, तिथे वर असं काही नसतंच, बुडबुडा औषधाच्या मधोमध बसून राहतो. सिरिंज झटक्याने गोल फिरवून तो एका टोकाला आणावा लागतो. रक्त आणि लाळ घशाकडे ओघळत नाहीत, जिथे निघाली तिथेच गोळा होऊन चिकटून राहतात, सुटली तर थेंब केबिनभर फिरतात. दाताचा तुकडा उडाला तर तो श्वासातही जाऊ शकतो. यातलं काहीच अशक्य नाही. पण ज्याने आयुष्यात कधी चिमटा धरलेला नाही अशा माणसाला हे पहिल्यांदा तिथे करायला लावणं हा निर्णय कुणी घेतला नाही, ते योग्यच झालं.

पहिली वाट मात्र मोकळी होती. सोयुझ जोडलेलं होतं, ठरवलं तर लवकर परतता आलं असतं. पुढच्या काळात सोव्हिएत मोहिमांनी हे केलंही. १९८५ मध्ये साल्यूत-७ वरून व्लादिमिर वास्युतिन यांच्या आजारामुळे तुकडी वेळेआधी परत आणली गेली. १९८७ मध्ये मीर स्थानकावरून अलेक्सांद्र लावेइकिन यांना हृदयाच्या ठोक्यांतल्या गडबडीमुळे खाली आणलं गेलं. त्या वेळी वर त्यांचा सोबती होता तोच रोमानेंको, आणि तो पुढे राहून ३२६ दिवसांचा मुक्काम पुरा करून आला. दात ही वेगळी गोष्ट मानली गेली. हृदय बिघडलं तर मोहीम थांबते, दात दुखला तर सोसायचा असतो, ही समजूत जगभर आहे आणि अंतराळसंस्थाही माणसांच्याच असतात. संसर्ग पसरला नाही हे सुदैव. वैद्यकीय निर्णय म्हणून हा जुगार होता असं माझं स्पष्ट मत आहे.

यात सर्वांत खटकणारी बाब अशी की ज्ञान उपलब्ध होतं. पाच वर्षांपूर्वी, १९७३ मध्ये, स्कायलॅबवर दातांच्या उपचारांची पेटी गेली होती आणि अंतराळवीरांना दात काढण्यापर्यंतचं प्रशिक्षण दिलेलं होतं. ती पेटी वापरायची वेळ आली नाही. शीतयुद्धाच्या दोन बाजूंपैकी एकीकडे पेटी होती आणि दात दुखला दुसरीकडे.

त्यानंतर तोंडाविषयी काय कळलं

स्कायलॅबच्या अंतराळवीरांच्या तोंडाचा अभ्यास उड्डाणाआधी आणि नंतर केला गेला. काही जातींचे, विशेषतः प्राणवायूशिवाय वाढणारे जिवाणू वाढलेले आढळले, दातांवर किटण थोडं जास्त जमलं, हिरड्या किंचित सुजल्या. नवीन किडीची लाट वगैरे काही आढळली नाही. वरच्या दाव्याशी हे जुळतं : काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा मुक्काम निरोगी दात बिघडवत नाही, आधीचं बिघडलेलं उघड करतो.

लाळेने मात्र वेगळीच गोष्ट सांगितली. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की तो विषाणू शरीरात निद्रिस्त राहतो, नागिणीच्या जातकुळीतले इतर विषाणूही, उदाहरणार्थ ओठावर फोड उठवणारा, तसेच. नासाच्या तपासणीत स्पेस शटलच्या छोट्या मोहिमांवरच्या ८९ पैकी ४७ आणि आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरच्या २३ पैकी १४ अंतराळवीरांच्या लाळेत किंवा लघवीत हे विषाणू पुन्हा जागे झालेले दिसले. बहुतेकांना त्रास झाला नाही. पण ताण आणि झोपमोड यांनी प्रतिकारशक्ती किती ढिली पडते हे त्यातून कळतं, आणि दाताच्या मुळाशी दबलेला जुना संसर्ग अशाच संधीची वाट पाहत असतो.

दात घासणं तिथेही दिवसातून दोनदाच, फक्त चूळ थुंकायला बेसिन नसतं. पेस्ट गिळायची किंवा टॉवेलात टिपायची. नासाने एके काळी फेस न होणारी, गिळता येणारी पेस्ट खास बनवून घेतली होती, आता साधीच चालते. फ्लॉस करायचा कंटाळा तेवढा करू नये.

आजच्या आंतरराष्ट्रीय स्थानकावरच्या औषधपेटीत दातांचं सामान असतं : आरसा, टोकदार सळी, तात्पुरतं फिलिंग, निघालेली कॅप परत बसवण्याचं सिमेंट, भूल, दात काढण्याचे चिमटे. ड्रिल नाही. तुकडीतल्या एक-दोघांना वैद्यकीय काम नेमून दिलेलं असतं आणि ते दंतवैद्याकडून शिकून जातात. एक पोकळी स्वच्छ करून तिच्यात मऊ मसाला दाबणं एवढं जरी रोमानेंकोला मिळालं असतं, तरी ते दोन आठवडे निराळे गेले असते. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड कालवून केलेलं तात्पुरतं फिलिंग १९७८ मध्ये कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात पाच मिनिटांत बसवलं जात होतं.

आपल्याशी संबंध

२०१९ मध्ये गगनयानासाठी हवाई दलातल्या चाचणी वैमानिकांची निवड बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये सुरू झाली. तेव्हा बरेच उमेदवार दातांमुळे मागे पडल्याच्या बातम्या आल्या होत्या. रशियन तज्ज्ञ दातांच्या बाबतीत फार काटेकोर असतात, हेही त्यांत होतं. अनेकांना हे विचित्र वाटलं, एवढ्या तेवढ्या दातासाठी उत्तम वैमानिक का गमवायचा? साल्यूत-६ चं प्रकरण ज्याला ठाऊक आहे त्याला तो काटेकोरपणा पटतो. निवडलेल्या चौघांपैकी शुभांशू शुक्ला २०२५ च्या जून-जुलैमध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर राहून आले. गगनयानाचं माणसांसह पहिलं उड्डाण काही दिवसांचंच असेल, पण २०३५ पर्यंत भारताचं स्वतःचं स्थानक उभं करायचं ठरलं आहे. तिथे मुक्काम महिन्यांचे होतील आणि मग रोमानेंकोची केस आपल्या दंतवैद्यांच्या टेबलावर येईल.

मंगळाच्या मोहिमेत तर परतीची वाटही राहत नाही. जाऊन येऊन साधारण तीन वर्षं, आणि बोललेलं एक वाक्य पोचायला तीन ते बावीस मिनिटं. तिथे प्रश्न बदलतो : आज न दुखणाऱ्या कुठल्या दाताला हात लावायचा? अर्धवट उगवलेली अक्कलदाढ, जिच्यावरच्या हिरडीखाली घास अडकतो, ती माझ्या हाती असेल तर उड्डाणाच्या किमान सहा महिने आधी काढावी, म्हणजे हाड भरून येईल आणि ओठाला बधिरपणा आला तर तोही तोवर लक्षात येईल. पूर्ण हाडात गाडलेली, मुळाशी काहीही नसलेली दाढ राहू द्यावी. नसेच्या अगदी जवळ गेलेलं जुनं फिलिंग असेल तर ते वर्षभर आधी उकरून पाहावं आणि वाटल्यास रूट कॅनल तेव्हाच करून टाकावं, कारण असा दात बिघडायचा झालाच तर तो त्या वर्षभरात, खाली खुर्ची हाताशी असताना बिघडलेला बरा.